मोठ्या अक्षरातला मार्क : प्रकल्प नोंदी

१४ फेब्रुवारी २०२४, राखेचा बुधवार

काम : बायबलातलं मार्ककृत शुभवर्तमान हाताने, मोठ्या अक्षरात लिहून काढायचं. अध्याय १६, वचनं ६७८. मुदत पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत (ईस्टर), म्हणजे ३१ मार्च. मधले दिवस ४६, रोजची १५ वचनं.

हात चार : मी, थोरला (दहावी, १ मार्चपासून बोर्ड), धाकटी (सातवी), आणि ड्युटीवरून येतील तेव्हा हे.

हे कशासाठी, ते आजच लिहून ठेवते. सासूबाईंच्या डोळ्यांचा पडदा साखरेनं खराब झालाय. मोतीबिंदू काढून झाला, पण आता चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी डिसेंबरात सांगितलं. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवसापासून पाहतेय, पहाटे चहाच्या आधी त्यांचं वाचन असायचं. नाताळापासून त्या शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर उघडून बसतात आणि पान उलटत नाहीत. मोबाईलवर लावून दिलं. दोन दिवस ऐकलं आणि म्हणाल्या, "चांगलं वाचतोय गं तो, पर थांबत नाही. मला एखाद्या शब्दावर बसायचं असतंय." मोठ्या छपाईचं शास्त्र एका घरून आणून पाहिलं. त्यातल्या ओळीही त्यांना मुंग्यांसारख्या हलताना दिसतात. भिंतीवरच्या कॅलेंडरातला तारखेचा आकडा मात्र त्या बसल्या जागेवरून सांगतात. तिथंच मला सुचलं.

दुसरं कारण मुलांचं. दोघंही इंग्रजी माध्यमात. रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात धरतात, पण गातात ते पाठ असलेलं धृपद. अंतऱ्याला डोळे ओळीवरून घसरतात. धाकटीनं मला चिठ्ठी लिहिली होती, त्यात ‘परमेशवर’ असं होतं. मला ते फार लागलं. चूक सुधारता येते, पण ज्याला रोज हाक मारायची त्याचं नाव मुलीच्या हाताला ओळखीचं नाही, याची मला काळजी वाटली.

सामान : २०० पानी लाँगबुक, काळं पेन. आधी मार्कर घेतला होता, शाई मागच्या पानावर उतरते म्हणून बाजूला ठेवला. जाड टोकाचं जेल पेन बरं आहे. मग माप. ‘येशू’ हा शब्द तीन मापांत लिहून खिडकीपाशी त्यांच्यापुढं धरला. पहिल्याला मान हलली. दुसऱ्याला डोळे बारीक केले. तिसऱ्याला त्यांनी बोट पुढं करून शिरोरेषेवर टेकवलं आणि वाचलं. ते माप कायम केलं. दोन रेघांत एक ओळ, अक्षर जवळजवळ अर्ध्या पेराएवढं.

या मापात एका पानावर तेरा ओळी बसतात, म्हणजे फार तर तीन वचनं. सगळं मिळून सव्वादोनशे पानं होणार. एक वही पुरायची नाही.

आज झालेली वचनं : ८.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पाण्याचा दिवस. उजनी धरण यंदा उणे साठ्यात गेलेलं आहे. आमच्या भागाला पाचव्या दिवशी येणारं पाणी आता सहाव्यावर गेलंय. आज पहाटे सव्वाचारला आलं. आधी हंडे-कळशा, मग बॅरल, शेवटी गच्चीवरची टाकी. आमचं बॅरल भरायला बावीस मिनिटं लागतात. तेवढ्यात बादलीजवळच पाटावर बसून लिहिलं. ओल्या हाताचा एक थेंब ‘गालील’ वर पडला आहे, तो तसाच राहू दिला.

लिहिता लिहिता पस्तिसावं वचन आलं. पहाटे, अजून पुष्कळ अंधार असताना येशू उठून निर्जन जागी गेला आणि तिथं प्रार्थना करू लागला. लग्नानंतरची किती वर्षं हे वचन मला टोचत आलंय. निर्जन जागा कुठून आणायची? दोन खोल्या, पाच माणसं, शिलाईची दोन मशिनं, कापलेल्या कापडाचे गठ्ठे. उपदेशात हे वचन आलं की मी मान खाली घालायचे. महिला मंडळात एकदा मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या आईबद्दल ऐकलं, सुझाना वेस्ली. एकोणीस बाळंतपणं झालेली बाई. घरात जागाच नसे म्हणून डोक्यावरून एप्रन ओढून प्रार्थनेला बसायची, आणि आई तशी बसली की मुलांनी हाक मारायची नाही, असा घरात नियम होता. तेव्हापासून माझं टोचणं कमी झालं. आज तर सव्वाचारला सगळी गल्ली जागी होती, मोटारी घरघरत होत्या, शेजारच्या अक्का पाइपासाठी ओरडत होत्या, आणि मला वाटलं की हीच ती जागा. अंधार पुष्कळ होता, तेवढं पुरे.

पहिला अध्याय पूर्ण. आजवर ४५ वचनं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

७३. दुसरा अध्याय संपला. थोरला फक्त रविवारी लिहील असं ठरवलं, बाकीचे दिवस त्याचा अभ्यास. गणवेशांचं काम सुरू झालंय. जूनच्या शाळांचा माल सोलापुरात फेब्रुवारीतच मशिनवर चढतो. आज कॉलरी चाळीस.

२६ फेब्रुवारी, सोमवार

मोठी चूक सापडली, आणि ती सापडली सासूबाईंना.

धाकटी गेले तीन दिवस चौथा अध्याय लिहितेय. पेरणाऱ्याचा दाखला तिनं मन लावून लिहिला, अक्षरही सरळ येऊ लागलंय. शनिवारी रात्री तिथंच थांबली होती. काल दुपारी उपासनेहून आल्यावर पुढं सुरू केलं. आज संध्याकाळी सासूबाई वही घेऊन दारात उजेडाला बसल्या. त्या अशा वाचतात : डाव्या हाताची पट्टी ओळीखाली, उजव्या हाताचं बोट शब्दाखाली. बोट एका जागी थांबलं. परत मागं गेलं. पुन्हा पुढं.

"ए पोरी, दिवा कुठं गेला?"

धाकटीला वाटलं, आज्जी लाइटबद्दल बोलायलीय. तिनं बटण दाबलं.

"तो नव्हं. मापाखाली ठेवायचा नसतो तो दिवा. इथं असायला पाहिजे."

मी शास्त्र काढून मेळ घातला. नववं वचन संपतं ते ‘कान आहेत तो ऐको’ अशा शब्दांनी, आणि तेविसावंही तसंच संपतं. शनिवारी नवव्यापाशी थांबलेली पोर काल तेविसाव्यापासून पुढं निघाली. मधली चौदा वचनं गेली, त्यात दिवाही गेला. कान आहेत त्यानं ऐकावं, या वाक्यालाच ते घडलं आणि ऐकलं कोणी, तर जिला दिसत नाही तिनं. अर्धा अध्याय त्यांना तोंडपाठ आहे, डोळ्यांनी दगा दिला तरी कानांना उणीव लागली.

धाकटी रडायच्या बेताला आली. पान फाडायचं का विचारू लागली. मी म्हटलं, फाडायचं नाही. तू एकटी नाहीस. छापखाने नव्हते तेव्हा शेकडो वर्षं माणसं शास्त्र हातानंच उतरवत होती आणि सारख्या शेवटांवर अशीच त्यांची नजर घसरायची. दोन पोथ्या शेजारी ठेवल्या की जाणकारांना ते ओळखू येतं. हे तिला पटलं. आपण कुणाच्या तरी रांगेत बसलो आहोत, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं.

दुरुस्ती : दुसऱ्या लाँगबुकातली पाच पानं सोडवली, त्यावर तिनं रात्री चौदा वचनं लिहिली. पानं कडेला अर्धा इंच दुमडून मशिनवर शिवली. टाका सगळ्यात मोठा ठेवला, लहान टाक्यानं कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो. दोरा पांढरा. वही मशिनच्या पायाखाली घालताना मीच श्वास रोखून होते. शिवण सरळ आली.

याच अध्यायात एक छोटा दाखला आहे, चार शुभवर्तमानांपैकी तो एकट्या मार्कातच येतो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. हे लिहिताना मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी डोळ्यांपुढं आणली. तिथं पेरून झालं की माणसाच्या हातात फार काही राहत नाही, पाणी द्यायची सोय नाही, जमिनीतली ओल आणि वरून पडणारं दव. मुलांच्या बाबतीत मी रोज उकरून पाहणारी आई आहे. आज प्रार्थना केली का, वचन वाचलं का, खरंच मनापासून केलं का. हे वचन लिहिल्यापासून संध्याकाळी एवढंच विचारते : जेवलास का?

एकूण १४९. शिवलेली पानं धरून.

१ मार्च, शुक्रवार

बोर्डाचा पहिला दिवस आणि जागतिक प्रार्थना दिन, दोन्ही आजच. मार्चचा पहिला शुक्रवार म्हणजे जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया एकाच नमुन्यावर उपासना करतात. दर वर्षी एका देशातल्या स्त्रिया ती लिहून देतात. यंदा पॅलेस्टाईनच्या. इफिसकरांस पत्रातलं वचन होतं, प्रीतीनं एकमेकांचं सहन करा. तिथल्या स्त्रियांनी हे निवडलं ते युद्धाच्या आधी, आणि आम्ही वाचलं ते युद्ध चालू असताना. वाचणाऱ्या बाईंचा आवाज मध्ये दोनदा अडला. कोणी घसा साफ केला नाही, पंखे तेवढे फिरत होते. आयांना आयांसाठी प्रार्थना करायला नकाशा लागत नाही.

थोरल्याला सकाळी दही-साखर दिली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि शब्द कमी ठेवले. आज लिखाण नाही.

५ मार्च, मंगळवार

पाचवा अध्याय संपला, १९२. नेमाप्रमाणं आज ३१५ हवी होती. मागं पडलोय, पण हा अध्याय घाईनं लिहायचा नव्हता.

दुपारी शेजारच्या अक्का शेंगा फोडायला आमच्याच दारात बसतात, सावली आमच्याकडं असते. त्यांचं घर पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि नवऱ्याचे माग गेले तरी कान अजून खटखटीला बसलेले, त्यामुळं बोलणं मोठ्यानं. शाळेत मराठी नसल्यामुळं ती वाचता येत नाही. सासूबाई आता नवीन पान आलं की मोठ्यानं वाचतात, तेव्हा अक्का आपसूक ऐकतात.

आज याइराची मुलगी होती. बाप सभास्थानाचा अधिकारी, मुलगी मरायला टेकली म्हणून येशूच्या पायांवर पडतो. येशू निघतो, वाटेत बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई मागून येऊन वस्त्राला शिवते, तिथं वेळ जातो, आणि तेवढ्यात घरून निरोप येतो की मुलगी गेली. अक्कांचे हात शेंगांवर थांबले. "अगं बाई, त्या बाईमुळं उशीर झाला की." मी आजवर शंभरदा हे वाचलंय, पण बापाच्या जागी उभं राहून ती थांबलेली मिनिटं मी कधी मोजली नव्हती. अक्कांनी मोजली.

मग येशू पोरीचा हात धरून म्हणतो, तलीथा कूम. मुली, ऊठ. ती उठून चालू लागते.

"मग? खायला काय दिलं तिला?" अक्का लगेच.

सासूबाईंनी बोट पुढं सरकवलं. अध्यायाचं शेवटचंच वाक्य : तिला खायला द्या, असं त्यानं सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "बरोबर. पोर किती दिवसाची उपाशी असंल." आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

मी आत जाऊन मशिनवर बसले, पण पाय पॅडलवर जाईना. हा भाग धाकटीनं लिहिलाय. ‘ती बारा वर्षांची होती’ हे लिहून काल रात्री तिनं माझ्याकडं पाहिलं होतं. तीही बारा वर्षांचीच आहे. ऑक्टोबरात तिला डेंग्यू झाला होता. रोज रक्ताचा रिपोर्ट, रोज पेशी खाली, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी. त्या वेळी मी काय प्रार्थना केली, हे कोणी विचारलं तर सांगता येणार नाही, शब्द नव्हतेच. पाचव्या दिवशी पोर म्हणाली, आई, भूक लागली. मी घरी पळत येऊन मुगाची खिचडी टाकली. कुकरची शिट्टी व्हायला इतका वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा मला वाटलं होतं की आता देवाचं काम संपलं आणि माझं सुरू झालं. तसं नव्हतं. खायला द्या हेही त्याच तोंडातून आलेलं आहे, त्याच दमात.

६ मार्च, बुधवार

थोरल्याचा मराठीचा पेपर होऊन गेला. वेळ पुरला म्हणाला. रविवारच्या पानांमुळं हात सुटलाय, हे त्याचं त्यानंच सांगितलं.

१३ मार्च, बुधवार

२८५. सातवा संपला. यांनी आणि मी मिळून ओढलं.

हे मालगाडीवर असतात, लोको पायलट. परवा रात्री अडीचला आले. दौंडच्या बाजूनं गाडी होती, केडगावला तासभर बाजूच्या लाइनवर उभी. आल्यावर आंघोळ करून म्हणाले, झोप येत नाही, दे ती वही. मग स्वयंपाकघरात खाली बसून लिहीत राहिले, मी चहा टाकला.

केडगावचं नाव निघालं की माझ्या मनात पंडिता रमाबाई येतात. त्यांचं मुक्ती मिशन, निराधार बायांचा आश्रम, तिथलंच. अख्खं शास्त्र त्यांनी एकटीनं मराठीत आणलं, त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बाया, दुष्काळातून आलेल्या आणि घरांनी टाकलेल्या. त्यांना वाचता येईल अशी साधी मराठी रमाबाईंना हवी होती. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि भाषांतर पूर्ण करून गेल्या. पुस्तक १९२४ साली निघालं, म्हणजे यंदा शंभर वर्षं झाली. ती मुलं-बाळं, ती दु:खं, ते रोजचं रांधणं-वाढणं आणि मध्येच हिब्रू.

काही जण मला म्हणतात, मुलांना इंग्रजीत कळतंय ना, मग मराठीचा हट्ट कशाला? मला हे पटत नाही. इंग्रजीत त्यांना अर्थ कळतो, परीक्षेला पुरेल इतका. पण रात्री ताप चढला की माझा मुलगा ‘आई गं’ म्हणतो. ज्या भाषेत माणूस विव्हळतो त्या भाषेत त्याला देवाला हाक मारता आली पाहिजे. इतक्या लोकांनी ते शब्द आपल्या हाती दिले. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीत ख्रिस्त गायला, म्हणून आज सासूबाई भाकरी थापताना तो गुणगुणू शकतात. माझ्या घरात ही ओळ तुटू नये, एवढंच मला हवंय.

१६ मार्च, शनिवार

३२३. आठवा अध्याय मी मुद्दाम स्वतःकडं ठेवला होता.

बेथसैदाचा आंधळा. हीही गोष्ट मार्कातच आहे. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग येशू दुसऱ्यांदा हात ठेवतो आणि त्याला सगळं स्पष्ट दिसतं.

हे पान सासूबाईंना द्यायला मी दोन दिवस कचरले. त्यांना काय वाटेल? त्यांच्यावर दुसऱ्यांदा हात ठेवला गेलेला नाही. आज दिलं. बोटानं वाचत वाचत त्या झाडांपाशी आल्या आणि थांबल्या. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेल्या. मग म्हणाल्या, "अस्संच दिसतंय. तू दारातून आत येतीस की, तेव्हा बाभळीसारखी दिसतीस. पदर हलतो म्हणून कळतंय तूच हाईस."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "यानं खरं सांगितलं बघ. येशूला बरं वाटावं म्हणून चांगलं दिसतंय म्हणाला नाही."

मला उत्तर सुचलं नाही. त्याच पुढं बोलल्या, "माझं दुसरं दर्शन वर आहे. तोवर तुम्ही झाडं चालत राहा म्हणजे झालं."

पान त्यांनी उलटलं. स्वतः उलटलं.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

सकाळी झावळ्यांची मिरवणूक, संध्याकाळी गल्लीत होळी. अक्कांकडून पुरणपोळी आली. आमचा चाळीस दिवसांचा मटणाचा उपास चालू आहे, पोळीला काही अडचण नाही, पोरांनी तिथंच संपवली. ऊन चाळिशीला टेकलंय, मशिनवर दुपारी बसवत नाही.

नववा यांनी पूर्ण केला, एकट्यानं, दोन रात्रींत. भूत लागलेल्या मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. त्या वचनानंतर वहीत अर्धं पान कोरं आहे. पुढचं वचन पुढच्या पानावर सुरू होतं. जागा का सोडली, हे मी विचारलं नाही. ऑक्टोबरात तेही त्याच बाकावर होते.

दहावा आणि अकराव्याचं निम्मं झालं. ४४०.

२६ मार्च, मंगळवार

शेवटचा पेपर. थोरला घरी आला, बॅग कोपऱ्यात टाकली, जेवला, झोपला, उठला आणि न सांगता वही घेऊन बसला.

२८ मार्च, गुरुवार

त्यानं दोन दिवसांत अकरावा संपवून बारावाही पूर्ण केला. ५०२. शेवटी विधवेचं दान. आमच्या शास्त्रात तिनं दोन टोल्या म्हणजे एक दमडी टाकली असं आहे. टोली म्हणजे काय आणि दमडी म्हणजे काय, हे आमच्या दहावीच्या विद्वानाला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी त्याला त्यांचा डबा आणायला लावला. त्यात भोकाचा तांब्याचा जुना पैसा आहे, त्यांच्या आईचा. त्याच्या तळहातावर ठेवला. "दमडी याच्याबी खालची. आता बघ, एवढंच घरात हाय आणि तेच टाकलंस. रात्रीचं काय खाशील?" तो बराच वेळ तो पैसा बोटांत फिरवत होता. इंग्रजीत हा उतारा त्याला लहानपणापासून येतो. आज त्यानं विचारलं, "मग तिनं रात्री काय खाल्लं?"

शास्त्रात ते लिहिलेलं नाही. मी त्याला तसंच सांगितलं.

आज संध्याकाळी प्रभुभोजन.

३० मार्च, शनिवार

काल उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना. सासूबाई तीन तास बसल्या. काल लिखाण नव्हतंच.

आज तेरावा पुरा झाला, ५३९. उद्या सण आणि १३९ वचनं बाकी. धाकटी म्हणाली, रात्रभर जागून करू या. थोरला म्हणाला, सोळावा अध्याय आधी लिहू, मधली पानं कोरी ठेवू, म्हणजे उद्या आज्जीला पुनरुत्थानाचं वाचता येईल. मलाही मोह झाला. सासूबाईंनी नाही म्हटलं. "वधस्तंभ गाळून थडग्यावर जायचं व्हय? राहू द्या. मला तेवढं पाठ आहे."

मुदत पुढं गेली. रात्री झोपलो.

३१ मार्च, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटेची उपासना, अंधारात निघालो. रिक्षात सासूबाईंनी सोळाव्या अध्यायाची सुरुवात तोंडपाठ म्हटली. तीन बाया सुगंधी मसाले घेऊन सूर्योदयाला थडग्याकडं निघाल्या आहेत आणि वाटेत एकमेकींना विचारताहेत, दारावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? हे मला फार आपलं वाटतं. उत्तर हाताशी नसताना त्या निघालेल्या आहेत, मसाले मात्र आदल्या दिवशीच विकत आणून ठेवलेले.

घरी मटण, भात, शेंगाची चटणी. अक्कांकडं डबा दिला. गणवेशांचा पहिला लॉट उद्या जायचा आहे, काजं-बटणं बाकी.

१४ एप्रिल, रविवार

६७८.

चौदावा चौघांनी वाटून घेतला, तो एकटाच ७२ वचनांचा आहे. पंधरावा मी लिहिला, बहुतेक पाण्याच्या पहाटे. सोळाव्याची शेवटची ओळ धाकटीनं लिहिली आणि खाली तारीख घातली. बाहेर जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजत होते, काचा थरथरत होत्या, तरी तिची शिरोरेषा सरळ आली. ‘परमेश्वर’ आता बरोबर लिहिते.

दोन्ही वह्यांना चादरीच्या कापडाची कव्हरं शिवली, जुन्या सोलापुरी चादरीचा धडका भाग निवडून. दुसऱ्या वहीत हिशोब केला तेव्हा मागं बरीच कोरी पानं राहिली आहेत. सासूबाईंनी पानं बोटानं चाळून पाहिली आणि म्हणाल्या, "यात रूथ बसंल का गं?"

रूथचे अध्याय ४, वचनं ८५. या मापात अठ्ठावीस-एकोणतीस पानं लागतील. बसेल. जेल पेनाच्या दोन रिफिली आणायच्या आहेत. उद्या पाण्याचा दिवस, पहाटे सुरू करते.